काथवट लग्नाला गेली आहे

काथवट दारात अडकली. दरवेळी अडकते. घंटाघराचं दार बांधणाऱ्यानं फक्त घंटा वाजवणारा माणूस आत-बाहेर जाईल एवढंच पाहिलं होतं, आणि आमची काथवट म्हणजे एका अख्ख्या लिंडनच्या खोडातून कोरलेली, लांबीला माझ्याएवढी. याव्दोखा आतून ढकलत होती आणि मी बाहेरून ओढत होते.

"हाफिया, तुझ्या बाजूनं जरा तिरपी कर," ती आतून म्हणाली. "दर शरदात तेच सांगायचं."

"दर शरदात मी जाड होते, त्याला काय करू," मी म्हटलं.

शेवटी निघाली. याव्दोखानं तिच्यावरची धूळ डोक्याच्या रुमालानं पुसली आणि रिकाम्या जागी नेहमीचा पुठ्ठा ठेवला. त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं आहे, 'काथवट लग्नाला गेली आहे. मंगळवारी परत येईल.' मागे एकदा जिल्ह्याचे एक साहेब तपासणीला आले होते, त्यांना तो पुठ्ठा वाचून राग आला. संग्रहालयातल्या वस्तू लग्नाला जात नाहीत, म्हणाले. याव्दोखा त्यांना म्हणाली, मग तुम्हीच गावाला सांगा लग्नं करू नका म्हणून. साहेब लग्नघरी सांगायला गेले आणि तिथंच जेवायला बसले. संध्याकाळी त्यांना दोघांनी धरून गाडीत घातलं. पुढे त्या पुठ्ठ्याबद्दल कुणी विचारलं नाही.

आमचं चर्च लाकडी आहे, तीन घुमटांचं, बांधताना एकही लोखंडी खिळा वापरलेला नाही असं सगळे सांगतात. शेजारी घंटाघर, आणि घंटाघराच्या तळमजल्यावर गावाचं संग्रहालय. माग, चरखे, मेंढपाळांचे पट्टे, भरतकामाचे पंचे, असं सगळं. सरकारनं चर्चला कुलूप घातलं होतं आणि आत खताची पोती ठेवत, त्या काळात शाळेतल्या मास्तरांनी हे संग्रहालय सुरू केलं. लोक घरातली जुनी भांडीकुंडी घेऊन आले आणि त्या भांड्यांखाली लपवून चर्चमधले संतांचे मूर्तिपट आणि निशाणंही घेऊन आले. वरून माणसं आली की याव्दोखा हातात काठी घेऊन एकेक पट दाखवायची, हा अमुक काळातला नमुना, हे मागासलेल्या अंधश्रद्धेचं उदाहरण. असं न अडखळता सांगायची आणि ते गेले की पटाचं चुंबन घेऊन माफी मागायची. चर्च उघडलं तेव्हा एकही पट कमी भरला नाही.

पट गेले, बाकीच्या वस्तू राहिल्या. मग लोक एकेक मागायला येऊ लागले. कुणाला नवरीचा मुकुट, कुणाला नाताळला बकऱ्याचा मुखवटा. याव्दोखा देते. स्वच्छ करून परत आणा एवढीच तिची अट. वर्षातून चारदा पीठ लागलं नाही तर काथवटीचं लाकूड तडकतं, असं तिचं म्हणणं आहे.

ती काथवट खरं तर तिचीच. म्हणजे तिच्या आईची. याव्दोखाच्या लग्नाचा कोरोवाय, म्हणजे लग्नाची मोठी भाकर, त्याच काथवटीत मळला होता. कोरोवायशिवाय आमच्याकडे लग्न होत नाही. ती नुसती गोड भाकर नव्हे, ती नीट फुगली तर संसार नीट फुगतो. तिचं लग्न झालं ऐन शरदात, आणि पहिलं बर्फ पडायच्या आत तिचा नवरा इल्को जंगलात पडत्या झाडाखाली सापडून गेला. कोणीतरी कुजबुजलं, काथवटच वाईट. आई ती फोडून चुलीत घालणार होती. याव्दोखानं ती पाठीवर घेतली आणि मास्तरांकडे नेऊन दिली. मास्तरांना वस्तूंबरोबर त्या सांभाळणारं माणूसही हवं होतं, म्हणून ती तिथंच राहिली, ती आजतागायत.

पुढे खूप वर्षांनी कोरोवाय करणाऱ्या आमच्या पालाहनाला एका मोठ्या लग्नासाठी मोठी काथवट हवी होती आणि दुसरी कुठं मिळेना. तिनं ती नेली, भाकर घुमटासारखी वर आली, त्या जोडप्याला जुळी झाली. तेव्हापासून सगळ्या गावाला तीच काथवट लागते. भाग्याची म्हणतात तिला आता. काथवट शुद्ध झाली, याव्दोखा काही झाली नाही. हे मला तेव्हाही खुपत होतं आणि मी तेव्हाही गप्प बसत होते.

कारण कोरोवायला हात लावायचा तो सवाष्णीनं, तीही नवऱ्याशी गोडीगुलाबीनं नांदणारीनं. बायका सात किंवा नऊ, सम संख्या चालत नाही, सम संख्या मयताला. विधवेनं तर भाकर भट्टीत जाईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. म्हणून याव्दोखा काथवट दारापर्यंत आणते, आमच्या हातात देते आणि अंगणातल्या बाकावर बसून राहते. आत आम्ही गातो, पीठ उधळतो, हसून हसून लोळतो. ती बाहेर बसून आमच्या गाण्याची कडवी चुकली की खिडकीतून सुधारते. तिची काही तक्रार नसते. पण एकदा मी घंटाघरात न सांगता गेले, तेव्हा ती रिकाम्या काथवटीत दोन्ही हातांनी मळत होती. नुसती हवा मळत होती. मी पाय न वाजवता परत फिरले.

या वेळचं लग्न सोलोमियाचं होतं. सोलोमिया म्हणजे ओदार्काची मुलगी, आणि याव्दोखा तिची धर्माची आई, बाप्तिस्म्याला तिनंच तिला हातावर घेतलं होतं. पोरगी लहानपणापासून घंटाघरात वाढली. माझ्या भाकरीत मावशीचे हात हवेत, असं तिनं उन्हाळ्यातच जाहीर केलं होतं. ओदार्काच्या तोंडचं पाणी पळालं. एकुलती एक लेक, तिच्या संसाराशी खेळ कोण करणार? पण ओदार्काला काही बोलावंच लागलं नाही. याव्दोखानंच नाही म्हटलं. माझं जे झालं ते तुझं व्हायला नको, एवढंच म्हणाली आणि विषय संपवला.

तर आम्ही काथवट उतारावरून खाली आणली, याव्दोखा बाकावर बसली आणि आम्ही सात जणी आत हात धुवून उभ्या राहिलो. पालाहना आमची मुख्य. तिनं पीठ ओतलं, क्रॉस काढला, अंडी, लोणी, मध, आंबवलेलं खमीर पडलं आणि चौदा हात आत गेले. पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं आणि माझ्या शेजारची तेक्ल्या गाता गाता रडायला लागली.

आधी आम्हाला वाटलं आनंदानं. लग्नघरात रडतात बायका. मग पालाहनानं विचारलं आणि तेक्ल्या म्हणाली, "माझ्या माणसाचा रविवारी फोन आला. पोर्तुगालहून. तो येणार नाही परत. तिकडे त्याचं दुसरं घर आहे."

सगळे हात जागच्या जागी थांबले. ओदार्का चुलीपाशी उभी होती ती खाली बाकावर बसली. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. तेक्ल्याला कोण काय बोलणार, ती बिचारी घरी एकटी बसवत नव्हतं म्हणून आली होती. पालाहनानं तिला हळूच सांगितलं, हात काढून घे बाई. तिनं काढून घेतले. बाहेरच्या बाकावर तिला कुणी पाठवलं नाही, चुलीत सरपण घालायला बसवलं.

पण राहिलो सहा. सहा म्हणजे मयताची संख्या, आणि खमीर तर पडलेलं, कणीक वर येऊ लागलेली. नवरीच्या आईनं कणकेला हात लावायचा नसतो, आणि शेजारपाजारच्या सगळ्या बाजाराला गेल्या होत्या. पालाहना म्हणाली, एकीनं तरी बाहेर व्हा, सात नाही तर पाच, विषम तरी होऊ. एकीनंही कणकेतून हात काढला नाही. बाहेर होणं म्हणजे पुढे गावभर चर्चा.

शेवटी मीच म्हटलं, "मी होते बाहेर. खरं सांगायचं तर माझा हात नकोच. पांक्रात आणि मी इस्टरपासून बोलत नाही. काही हवं असलं तर तो कुत्र्याला सांगतो, आणि मी कुत्र्याला उत्तर देते."

कुणी हसलं नाही. माझ्या समोरची युस्तिना खाली बघत म्हणाली, की मग तिलाही निघायला हवं, तिचा नवरा वर्षभर गोठ्याच्या माळ्यावर झोपतो. तिच्या पलीकडची म्हणाली, झोपतो ते बरं, माझा हात उगारतो. असं एकेक करत काथवटीभोवती फिरत ते पालाहनापाशी आलं. पालाहना म्हणाली, आमचं चांगलं चाललंय. मग बोटांची कणीक काढत म्हणाली, त्याला ऐकू येईनासं झालं तेव्हापासून.

आता मात्र तेक्ल्याच आधी हसली, चुलीपाशी, डोळे पुसत. मग आम्ही सगळ्याच. ओदार्का तेवढी हसली नाही. माझ्या मुलीच्या नशिबाला कुणाचे हात लावायचे मग, असं ती म्हणाली, आणि तिचं चुकत नव्हतं.

सोलोमिया आतल्या खोलीत आपला मुकुट शिवत होती. ती उठून आली, आमच्या मधून खिडकीपाशी गेली आणि खिडकी उघडली.

"मावशी, एक सांग. इल्कोकाकांशी तुझं कधी भांडण झालं होतं?"

याव्दोखा बाकावरून वर बघत राहिली. खिडकी लावलेली होती, त्यामुळे आतलं बोलणं तिला ऐकू गेलं नव्हतं. प्रश्न ऐकून तिनं खरोखर आठवून पाहिलं.

"नाही ग," ती म्हणाली. "भांडायला वेळच कुठं मिळाला."

माझे हात कणकेत असल्यामुळे मला डोळे पुसता येईनात. मग पालाहनानं तिथूनच हाक मारली, "याव्दोखा, हात धुवून आत ये."

ती उठली, पण हलली नाही. नको म्हणाली. पोरीचं काही वाईट झालं तर मी कुठं तोंड दाखवू, म्हणाली. पालाहनानं पुन्हा बोलावलं, सोलोमियानं विनवलं, ती मान हलवत राहिली आणि हात पाठीमागे धरून उभी राहिली.

तेव्हा ओदार्का उठली. तिनं चुलीवरचं कोमट पाणी मोठ्या पेल्यात घेतलं, खांद्यावर लग्नाचा नवा भरतकामाचा पंचा टाकला आणि अंगणात गेली. आम्हाला वाटलं, समजूत काढून घरी पाठवतेय. ओदार्का तिच्यासमोर जाऊन थांबली. नुसती पेला तिरपा धरून उभी. पाणी सांडू लागलं, तेव्हा याव्दोखानं हात पुढे केले. ओदार्कानं तिचे हात मनगटापर्यंत धुतले, पंच्यानं पुसले आणि तिला दंडाला धरून उंबऱ्याच्या आत आणली.

काथवटीपाशी आल्यावर याव्दोखानं बोटं अगदी हळू आत घातली. कणीक मळतेय की तिची विचारपूस करतेय हे कळेना.

"जोर लाव," पालाहना म्हणाली. "जुनी वस्तू पुसायची नाहीये."

मग तिनं जोर लावला, आणि गाण्याची कडवी तर ती आमच्यापेक्षा मोठ्यानं गायली. तिच्या इतक्या मोठ्या आवाजाची मला कल्पनाही नव्हती.

भाकर फुगली चांगली, पण एका बाजूला बोटभर चीर पडली. पालाहनानं तिच्यावर कणकेचं भाजलेलं एक पाखरू बसवलं. ओदार्कानं ते पाहिलं, पाखरू जरा डावीकडे सरकवलं आणि दुसऱ्या कामाला लागली.

रविवारी चर्चमध्ये लग्न लागलं. जुन्या लाकडाला मेणाचा आणि धुपाचा वास येत होता, आणि ज्या पटांना याव्दोखानं कधीकाळी मागासलेलं म्हटलं होतं, तेच सगळे भिंतींवरून बघत होते. तिच्यावर रागावलेले मला तरी दिसले नाहीत. माझा पांक्रात माझ्या शेजारी उभा होता. कुत्रा घरी होता, म्हणून त्याला माझ्याशीच बोलावं लागलं.

जेवणं झाल्यावर भाकर वाटली. लग्नाचे मानकरी पानासआजोबा सुरी घेऊन उभे राहतात आणि एकेक जोडपं नावानं पुकारतात. नवरा-बायको जोडीनं येतात, दोन तुकडे घेतात, नवरीला आहेर देतात. एकटी माणसं शेवटी. याव्दोखाचं नाव आमच्या गावात नेहमी शेवटी येतं. या वेळी धर्माच्या आई-बापांची पाळी आली, तेव्हा सोलोमियानं आजोबांच्या कानात काहीतरी सांगितलं. आजोबांनी घसा साफ केला आणि पुकारलं, "याव्दोखा आणि तिचा इल्को."

इतक्या वर्षांत ती दोन नावं कुणी एकत्र घेतली नव्हती. याव्दोखा उठली. जरा बाजूला सरकून चालत गेली, शेजारून कोणी चालत असावं अशी. तिनं ओंजळ पुढे केली आणि आजोबांनी तिच्यात दोन तुकडे ठेवले.

ती परत माझ्याशेजारी येऊन बसली. टेबलापलीकडून कुणीतरी हळूच म्हणालं, की एक तुकडा घंटाघरात ठेव, काचेखाली, पुढच्या पिढीला दिसेल. तिनं मान हलवली.

"ही खायची वस्तू आहे," ती म्हणाली.

आपला तुकडा तिनं आधी संपवला. मग दुसरा हातात घेतला. मी विचारलं, इल्कोला गोड आवडायचं का. तिनं तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"माहीत नाही ग," ती म्हणाली, आणि तोही तिनं सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.