जीभ आहे तवर

विदर्भातल्या ढाणकीच्या सदाशिवरावांची जीभ कापायची ठरली, तेव्हा त्यांनी देवाधर्माचं काही मागितलं नाही, समुद्र मागितला. मुंबईच्या डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिली, मधे थोडे दिवस मोकळे होते, आणि हे गृहस्थ दवाखान्याच्या पायरीवरच पोराला म्हणाले, "अक्षय, कोकणात घेऊन चाल मले. जीभ आहे तवर खाऊन घेतो."

खर्र्यानं केलं सगळं. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा आणि गालात धरायचा, हा धंदा त्यांनी मिसरूड फुटल्यापासून केला. आधी तोंड दोन बोटं उघडायचं, मग एकच बोट उघडायला लागलं, आणि आता जिभेवर गाठ निघाली. पण खाण्याचा सोस काही गेला नाही. आख्ख्या ढाणकीत लग्नाचा स्वयंपाक आधी सदाशिवरावांना चाखायला द्यायचे. पाच बोटं जुळवून ती कपाळाला लावली, की आचारी खूश. तशी त्यांची खूण होती ती. भल्याभल्या आचाऱ्यांना त्यांनी ती दिली.

बायकोला नाही दिली कधी.

कोकिळा लग्न होऊन आली तेव्हापासून त्या घरची रीत अशी, की रांधणारीनं चाखायचं नाही. आधी नैवेद्य, मग माणसांची पंगत, मग बायांनी उरलंसुरलं घ्यायचं. त्यामुळे मीठ बरोबर पडलं की नाही हे कळायचा एकच मार्ग. दाराच्या चौकटीला टेकून ती रोज विचारायची, "कसं झालं?" आणि सदाशिवराव ताटावरून मान वर न करता म्हणायचे, "खाऊन राह्यलो नं." झालं उत्तर. दिवाळी असो, पोराचं बारसं असो, खाऊन राह्यलो नं. एकदा तिनं धीर करून म्हटलं, की मले आपलं वाटते आज वांगं चांगलं उतरलं, तर म्हणाले, "तुले काय कळते चवीतलं."

आता जीभच जाणार म्हटल्यावर कोकिळा घाबरली ती दोन कारणांनी. एक कारण ती चारचौघांत सांगू शकत होती. दुसरं नाही. नवरा मरणाच्या दारात उभा आणि हिला कौतुक पाहिजे, लोक थुंकले असते तोंडावर. पण पाहिजे होतं. एकदा, त्यांच्या तोंडून, चांगलं झालं म्हणून. आता नाही ऐकलं तर मरेपर्यंत ऐकायला मिळणार नव्हतं.

तर गाडी निघाली. अक्षय चालवायला, शेजारी सदाशिवराव, मागे कोकिळा आणि सून निकिता. निकिता पुसदची, शिकलेली. ती मोबाइलवर पाहून सांगायची, बाबा, पुढच्या गावात एक खानावळ आहे, लोकांनी फार चांगलं लिहिलंय. सदाशिवराव म्हणायचे, ठेव तो डबा खाली. त्यांची पारख वेगळी होती. गाडी थांबली की आधी हॉटेलच्या मागच्या अंगाला जाऊन मोरी पाहायची. मोरीला आंबूस वास आला की चला पुढे. मग मासळीबाजारात जाऊन कोळणीला विचारायचं, की बाई, तुझ्याकडून रोज सकाळी सकाळी कोण नेते? ती नाव सांगेल तिथं जेवायचं. आणि खोटं कायले बोला, एकही ठिकाण चुकलं नाही.

मुरूडला सुरमईचं कालवण झालं. गुहागरला मोदक दुधात कुस्करून झाले. निकिता काटे काढून मासा भातात कालवायची, सदाशिवराव लहान चमच्यानं तो त्या एका बोटाच्या फटीतून आत सरकवायचे. तिखटानं डोळ्यातून पाणी गळायचं, तरी चमचा थांबायचा नाही. जेवण झालं की मालकिणीला बाहेर बोलवायचे. पाच बोटं जुळवून कपाळाला लावायचे आणि बोबडं बोबडं म्हणायचे, "याले म्हणते हात." मग मान वळवून बायकोकडे पाहायचे. "शिक काही. जन्मभर पाला खाऊ घातला मले."

मालकिणी बिचाऱ्या ओशाळायच्या. गुहागरची एक म्हणाली, "वहिनी, नशीब तुमचं, एवढा खवय्या नवरा मिळाला." कोकिळा हसली आणि ताटातली शेवटची शितं गोळा करत बसली. गाडीत निकिता एकदा म्हणाली, "बाबा, आईंना असं नका बोलत जाऊ." तर अक्षयच बायकोवर खेकसला, "बोलू दे नं व त्याईले. किती दिवस बोलणार हायेत आता?"

शेवटचा मुक्काम वेंगुर्ल्याला, पेडणेकर काकूंच्या घरी. समुद्राला लागून घर, मागे माड, पुढे चार खोल्या पाहुण्यांसाठी. दुसऱ्या दिवशी परत मुंबईला जायचं होतं आणि तिथून सरळ दवाखान्यात. कोकिळेनं रात्रभर विचार केला आणि सकाळी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

"आजचं दुपारचं मी करू का?"

काकू हसल्या. "पाहुण्यांनी कशाला करायचं?"

"करू द्या. पण एक करा. माझ्या हातचं म्हणून सांगू नका. तुमीच केलं म्हणून वाढा."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. बाईमाणूस होत्या, फार विचारलं नाही. बेसनाचा डबा पुढे सरकवला आणि स्वतः बाजूला पाट घेऊन बसल्या.

कोकिळेनं पाटोडीचा रस्सा केला. बेसन आटवून, थापून, वड्या पाडल्या. खोबरं आणि कांदा चुलीत भाजून वाटलं, घरून आणलेला काळा मसाला घातला, वर तेलाची तर्री आली. वड्या जास्त शिजू दिल्या, त्यांना चावायचे कष्ट नकोत म्हणून. चाखलं नाही. घरापासून एवढ्या दूर, कुणी पाहायला नाही, तरी बाईनं चाखलं नाही.

काकूंनी वाढलं. कोकिळा दाराआड. सदाशिवरावांनी पहिला चमचा आत सरकवला आणि हात थांबला. डोळे मिटले. मग दुसरा चमचा, तिसरा. वाटी संपली, पुन्हा मागितली, ती संपली तेव्हा बोटानं पुसून घेतली. मुरूडला नाही पुसली, गुहागरला नाही पुसली.

"बाई," सदाशिवराव काकूंना म्हणाले, आणि पाच बोटं जुळवून कपाळाला लावली, बराच वेळ तशीच ठेवली. "एवढं फिरलो, पण जेवण हे. आमच्या मुलखाची चीज, आमच्या घरी नाई होत अशी." मग दाराकडे तोंड करून, "ऐकलं का व कोकिळा? समुद्राकाठच्या बाईनं तुही पाटोडी शिकवली तुले."

काकूंनी तोंड उघडलं. कोकिळेनं दाराआडून मान हलवली, नको म्हणून. मग ती परसदारी माडाखाली जाऊन रडली, आणि रडता रडता तिला हसू यायला लागलं. कुणाच्या नावानं का होईना, त्यांनी म्हटलं होतं. तोंड धुऊन ती आत आली आणि सगळ्यांची ताटं घासली.

तिनं ते दोन दिवस जपून ठेवलं. ऑपरेशनच्या सकाळी सदाशिवरावांना हिरवा झगा घालून ढकलगाडीवर निजवलं, तेव्हा ती त्यांच्या कानाशी वाकली. तिला वाटलं, हे ऐकून माणूस आत जाईल, आणि जाताना एकदा आपल्याकडे नीट पाहील.

"वेंगुर्ल्याची पाटोडी मीच केलती."

सदाशिवराव हसले. त्या एका बोटाच्या फटीतून जेवढं हसता येतं तेवढं. "माहीत होतं मले. पहिल्याच घोटाले."

कोकिळा वाकलेली सरळ झाली. "मंग बोलले काहून नाई?"

"कायले बोलू? डोक्यावर बसली असती."

दवाखान्याच्या माणसानं गाडी ढकलली. दार उघडलं, बंद झालं. सदाशिवरावांच्या जिभेनं बोललेलं ते शेवटचं वाक्य. कोकिळा बाकड्यावर बसली आणि दुपारपर्यंत तिनं पाण्याचा घोट घेतला नाही. बघणारे हळहळले, नवऱ्यासाठी किती जीव तुटतो म्हणून.

ढाणकीला परत आले ते नाकात नळी घेऊन. डाळीचं पाणी, दूध, पेज, सगळं गाळून पिचकारीनं नळीत सोडायचं. कोकिळा ते शिकली आणि चोख करायला लागली. एक वेळ चुकली नाही. गावात नाव झालं, सेवा करावी तर कोकिळेनं.

फक्त तिनं त्यांची खाट स्वयंपाकघराला लागून हलवली. इथं ऊन येते, म्हणाली. आणि चुलीवर रोज सणासारखं शिजायला लागलं. मसाल्याचं वांगं, गोळ्याची कढी, दिवसाआड पाटोडी. फोडणी पडली की सदाशिवरावांच्या नाकपुड्या हलायच्या, नळीसकट. निकिता एकदा हळूच म्हणाली, "आई, बाबांना वासाचा त्रास होतो."

"नाक चांगलं हाये त्याईचं, देवाच्या कृपेनं," कोकिळा म्हणाली.

आणि दर वेळी नळीत पेज सोडायच्या आधी, खाटेच्या चौकटीला टेकून ती विचारायची, "कसं झालं?" मग थांबायची. पूर्वी जेवढं थांबायची तेवढंच. भेटायला आलेल्यांसमोरही विचारायची. लोकांना वाटे, म्हातारी अजून त्यांच्याशी बोलते, किती प्रेम. सदाशिवराव भिंतीकडे तोंड फिरवायचे. अक्षयनं लिहायला पाटी आणून दिली होती, ती त्यांनी खाटेखाली सरकवली.

तुरी कापणीला आल्या, तोवर असंच चाललं. त्या दुपारी पाटोडीचा रस्सा होता. घरभर भाजल्या खोबऱ्याचा वास. कोकिळा पिचकारी भरून आली, टेकली, म्हणाली, "कसं झालं?"

सदाशिवरावांनी तिचं मनगट धरलं. घशातून घरघर आवाज निघाला, डोळे भरून आले. त्यांनी दुसरा हात उचलला, पाच बोटं जुळवली आणि कपाळाला लावली. हात त्यांनी खाली घेतला नाही. निकिता दारात उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला.

कोकिळेनं त्या बोटांकडे पाहिलं. नवी नवरी होती तेव्हापासून वाट पाहिलेली बोटं होती ती. तिनं आपलं मनगट सोडवून घेतलं आणि पिचकारी नळीला जोडली.

"तुमाले काय कळते चवीतलं," ती म्हणाली.

पेज सगळी आत गेल्यावर तिनं नळीचं टोपण लावलं, त्यांच्या नाकाजवळचा ओघळ पुसला. मग खाटेच्या पायथ्याशी पाट मांडला आणि सुनेला म्हणाली, "निकिता, आधी मले वाढ. गरम हाये तवर."