रेशमाची पट्टी

मंचावर उभ्या सुनेने पिशवीतून कापडाची आणखी एक पट्टी ओढली आणि तिच्यावरची ओळ वाचली, “आज कुणीच हाक मारली नाही.”

सभागृहात कुणीतरी खोकलं. मागच्या रांगेतला माणूस शेजाऱ्याला म्हणाला, “ही कविता की सोडत?” मग पुढे वाकून त्याने समोर बसलेल्या तिच्या सासूबाईंनाच विचारलं, “तुमच्या ओळखीच्या आहेत का या बाई?”

“पाहिलंय कुठेतरी,” सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच जिभेचा त्यांना राग आला.

पट्ट्या त्यांनीच तर शिवल्या होत्या. सून ओळी लिहायची, सासूबाई कडा दुमडून टीप घालायच्या. मंचावर मात्र न निवडता, हाताला येईल ती ओळ, येईल त्या क्रमाने वाचायची, असा सुनेचा नेम. कविता कशी होईल ते देवाच्या हाती. बाजूला उभ्या व्यवस्थापकाने मात्र सकाळीच बजावलं होतं, आज रंग भरला नाही तर हा मंच पुन्हा मिळायचा नाही.

“शेवटची ओळ तुमच्यापैकी कुणीतरी काढायची,” म्हणत सून पायऱ्या उतरली आणि थेट सासूबाईंसमोर आली. “डोळे मिटा.”

पिशवीत हात गेला आणि बोटं थबकली. सुती कापड संपलं म्हणून एकच पट्टी त्यांनी रेशमाची शिवली होती. तिच्यावरची ओळ त्यांना पाठ होती. ऐकणाऱ्याचा गळा दाटून यावा अशी. ती निघाली तर सभा जिंकलीच. सुनेचा श्वास अगदी जवळ ऐकू येत होता.

त्यांनी रेशीम सोडलं. आत हात चांगला ढवळला आणि लागली ती सुती पट्टी काढली.

“दुधाला उतू जायची घाई असते,” सुनेने वाचलं.

मागे कुणी फिसकन हसलं. मग दोघं-चौघं. हसू ओसरलं तशी सभा गप्प झाली, पण मघाची खोकणारी शांतता ही नव्हे. टाळ्या अंमळ उशिरानेच आल्या. व्यवस्थापकाने मान हलवली. होकाराची की कंटाळ्याची, कळलं नाही.

सासूबाई मंचामागे गेल्या.

“रेशीम हाताला लागलं होतं गं. सोडून दिलं. तुझं नुकसान तर नाही ना केलं?”

सून पट्ट्यांच्या घड्या घालत होती. “मलाही दर वेळी लागतं, आई, आणि मीही सोडते. आज माझ्या हाताचा भरवसा वाटेना. म्हणून तर पिशवी तुमच्याकडे आणली.”

 पिशवी सासूबाईंनी स्वतःच्या खांद्याला अडकवली.

दाराशी मागच्या रांगेतला तो माणूस छत्री शोधत होता. त्या मुद्दाम त्याच्यापुढे थांबल्या.

“मघाशी विचारत होतात ना,” त्या म्हणाल्या, “सून आहे माझी.”