धाग्याचं पुस्तक

"ह्ये घ्या तुमचं पुस्तक. जमा करून घ्या."

साळूबाईंनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. त्याच्या पानांतून लाल धागा लोंबत होता. तो गजालानेच बांधलेला.

"बन्सीकाका नाही आले?" गजालाने विचारलं. काका कधी दुसऱ्याच्या, अगदी बायकोच्याही, हाती पुस्तक पाठवत नसत.

"दवाखान्यात हायेत. पाय काढला त्यांचा. घोट्याच्या वरून." एवढं बोलून साळूबाई समोरच्या बाकावर बसल्या.

शहागंजमागच्या गल्लीतल्या या वाचनालयात गजाला पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायची. पगार सांगण्यासारखा नव्हता, मान मात्र होता. दर उन्हाळ्यात ती दाराशी टेबल मांडायची. एका बाजूला मुलांसाठी सुट्टीतली पुस्तकं, दुसऱ्या बाजूला मोठ्यांसाठी तब्येतीची. जे पुस्तक आपण स्वतः पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, त्यालाच लाल धागा बांधायचा, हा तिचा रिवाज. हळूहळू लोकांनी पुस्तकांची नावं वाचणंच सोडलं. आईबाप यायचे ते थेट म्हणायचे, "पोरगं मोबाइल सोडंना, एखादं धाग्याचं द्या." योगासनांची पुस्तकं नेणारी निम्मी मंडळी ती आडवं पडूनच वाचत, पण न्यायची ती धाग्याचीच. गजालाला याचा अभिमान होता, आणि का नसावा?

यंदा टेबलाच्या उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच वाचनालयाचे सचिव इंद्रजीत साहेब कुणा देणगीदाराची खोकी घेऊन आले. सगळी आरोग्याची पुस्तकं.

"टेबल भरलेलं दिसू द्या, फोटो काढायचेत. आणि धागे बांधा सगळ्यांना. शोभा येते."

"साहेब, ही वाचली नाहीत मी अजून."

"अहो, तब्येतीच्या पुस्तकात वाईट काय असणार? चाला, पाणी प्या, गोड खाऊ नका!"

बाहेर पाहुण्यांची गाडी येऊन थांबली. गजालाने घाईघाईने धागे बांधले.

बन्सीकाका त्याच दुपारी आले. वाळूजच्या कारखान्यात उभी हयात नोकरी केलेला माणूस. शिफ्टच्या बसमध्ये वाचायची सवय लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. अलीकडे साखरेने बेजार होते. त्यांनी साखरेवरचं एक जाडजूड पुस्तक उचललं. "बाई, ह्ये कसंय?" असं विचारलं, आणि तिने उत्तर द्यायच्या आत धाग्यावर बोट ठेवून स्वतःच हसले. "आता इचारायचं काय त्यात!"

गजालाने वहीत नोंद करून पुस्तक त्यांच्या हाती दिलं. गर्दी होती, हे खरं. पण 'वाचलेलं नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो?

"त्यात लिव्हलं व्हतं म्हणं," साळूबाई आता सांगत होत्या, "गोळ्या बंद करा, अन् सकाळच्याला अनवाणी चाला. साखर आपुआप जाती. म्या म्हनलं, आदी डाक्टरला इचारा. तर मलाच म्हणले, अगं, बाईनं धागा बांधलाय. मैदानात काच लागली. पायाला कळलंच नाय त्यांच्या. आमाला कळलं तवा लई उशीर झाला व्हता."

 गजालाला रडू दाटून आलं होतं, पण या बाईसमोर आपण रडलो तर तिलाच आपली समजूत काढावी लागेल, एवढं तिला कळत होतं.

साहेबांनी आतून सगळं ऐकलं असावं. ते बाहेर आले. "मावशी, फार वाईट झालं. पण पुस्तक म्हणजे काही डॉक्टर नव्हे. ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर वाचायचं असतं." मग गजालाला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "काही कबूल करू नका. उद्या पेपरात आलं तर वाचनालयाला टाळं लागेल. आणि तुमची नोकरी राहील का?"

घरी अंथरुणाला खिळलेली अम्मी होती. तिचं औषधपाणी या नोकरीवरच चालायचं. गजालाने ओढणी सावरली आणि ती बाकाजवळ जाऊन उभी राहिली.

"मावशी, ते पुस्तक मी वाचलं नव्हतं. न वाचताच धागा बांधला. काकांनी विचारलं तेव्हासुद्धा सांगितलं नाही."

साहेब दारातच थबकले. साळूबाई मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे करू लागल्या. त्या रागावल्या असत्या तर गजालाला बरं वाटलं असतं.

"आमचे ह्ये काय म्हणत्यात, ठावं हाय का तुमाला?" त्या म्हणाल्या. "म्हणत्यात, बाईचं पुस्तक चुकायचं नाय. मीच वाचण्यात कायतरी चुकलो. येड्यावानी तेच धरून बसल्यात. पाय गेला त्याचं बोलत नायत, वाचण्यात चुकलो म्हणून रडत्यात."

गजालाला आता आवरेना. तिने ओढणीत तोंड लपवलं.

"मी येते दवाखान्यात," ती कशीबशी म्हणाली. "मी सांगते त्यांना."

"यावंच लागंल." साळूबाईंनी टेबलाकडे पाहिलं. "पर मोनिकाला सुट्टीचं एखादं पुस्तक पायजे. नात माझी. आजाच्या उशाशी बसून असती, लेकरू कंटाळतं."

गजालाने डोळे पुसले आणि मुलांच्या बाजूचं एक पुस्तक उचललं. माकडाच्या करामतींचं, चित्रांचं. या बाजूची पुस्तकं तिने खरोखरच वाचलेली होती, आणि हे तर दोनदा. पण आता ते सांगायचं कोणत्या तोंडाने?

"मला वाचाया येत नाय," साळूबाई म्हणाल्या. "तुमी वाचून दाखवा. शेवटपस्तोर. मंग न्हेते."

गजाला त्यांच्या शेजारी बाकावर बसली आणि वाचू लागली. आवाज अडखळत होता, मग हळूहळू लागला. दारात दोन वाचक आले, त्यांना साळूबाईंनी हातानेच थांबायला सांगितलं. माकड विहिरीत डोकावलं तेव्हा त्या जराशा हसल्यासुद्धा.

पुस्तक संपलं. गजालाने ते मिटलं आणि सवयीने लाल धागा नीट करायला गेली.

"धागा काढा तो," साळूबाईंनी पुस्तक पिशवीत घालायला हात पुढे केला. "अन् चला. भेटायची येळ झाली."