आभाराचा फ्लेक्स

सिंदी रेल्वेच्या बाजाररस्त्यावर रक्षाचा गाद्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या, कापूस पिंजायचं एक मशीन आणि शिवायला येणाऱ्या चार बायका. नवरा भूपेंद्र शेजारीच कापडाचं दुकान चालवतो, त्यामुळे गादीपाट, म्हणजे खोळीचं जाड कापड, घरचंच. आसपासच्या गावांत मुलीचं लग्न ठरलं की गाद्या रक्षाकडूनच घ्यायच्या, असं लोकांच्या अंगवळणीच पडलं होतं.

मग रेल्वेलाइनच्या पलीकडे एका कंपनीनं कोळशाचा डेपो टाकला. मालगाडीनं कोळसा यायचा, उघड्यावर त्याचा ढीग लागायचा आणि तिथून ट्रकनं पुढं जायचा. वारा सुटला की गावावर काळी भुकटी उतरायची. दोरीवरचे कपडे, गच्चीवर वाळत घातलेले शेवयांसारखे सरगुंडे, देवळाचा ओटा, काहीच सुटत नव्हतं. शेतकऱ्यांचा कापूस ‘काळपट आहे’ म्हणत व्यापारी भाव पाडायचे. रक्षाच्या तर धंद्यावरच आलं. पिंजलेला कापूस झाकायला थोडा उशीर झाला की वर राखाडी थर. एका लग्नघरून गाद्या परत आल्या. नवरीची आई म्हणाली, “बाई, नवीन कापसाचे पैसे घेतले अन् जुना भरला काय?” रक्षानं शपथा घेतल्या, पण त्या बाईनं काही ऐकलं नाही.

तेव्हा गोपालभाऊ पुढे आले. ते आमदार नव्हते अजून. सेलू तालुक्यातला धडपड्या कार्यकर्ता, आवाज दणकट, स्वभाव मोकळा. डेपोच्या फाटकासमोर बायकांबरोबर ते उन्हात बसले. तपासणीला आलेल्या साहेबासमोर त्यांनी पांढऱ्या रुमालानं स्वतःचा चेहरा पुसला आणि काळा झालेला रुमाल त्याच्या हातात दिला. “हा डेपो इथून हालला नाई तर मी राजकारन सोडतो,” असं सगळ्यांसमोर म्हणाले. रक्षाला त्या माणसाचं खरंच कौतुक वाटलं.

त्यांना विधानसभेचं तिकीट मिळालं तेव्हा रक्षानं कारखाना मनकर्णाबाईच्या हाती सोपवला आणि प्रचाराला निघाली. मनकर्णाबाई तिच्याकडची सगळ्यात जुनी शिवणारीण. रक्षाला फिरायला पक्षाकडून एक नवीकोरी पांढरी गाडी मिळाली होती, वर भोंगा, आत थंड हवा. गावोगाव उतरून ती बायकांना सांगायची, “हा आपला मानूस हाय. आपल्यासंगं उन्हात बसला.” गोपालभाऊ निवडून आले. मिरवणुकीत त्यांनी तिला हात जोडले आणि म्हणाले, “वयनी, ह्यात अर्धा वाटा तुमचा.”

पुढच्या उन्हाळ्यात पेपरात बातमी आली. डेपो दुप्पट मोठा होणार. बातमीवर फोटो होता: कंपनीचे दोन अधिकारी आणि त्यांच्या मधोमध गोपालभाऊ. ‘तालुक्यात रोजगाराला चालना मिळेल,’ असं ते म्हणाल्याचं छापलं होतं.

रक्षानं फोन लावला. फोन त्यांच्या पीएनं, पियुषनं उचलला. “मॅडम, साहेब मुंबईले हायत.” दुसऱ्या दिवशी, “साहेब मीटिंगमध्ये बसून राह्यले.” त्याच्या पुढच्या दिवशी, “साहेब आताच बाहेर गेले.” शेवटी ती वर्ध्याला गेली, तिथल्या सिंदी मेघे भागातल्या त्यांच्या ऑफिसात. एकदा भेट झाली नाही. पुन्हा गेली, तेव्हाही नाही. नंतरच्या खेपेला तिनं डबाच नेला, ऑफिसच्या पायरीवर बसून भाकर खाल्ली आणि पियुषला म्हणाली, “आता मी इथंच हाय. साहेब घरी जातीन तवा माह्या अंगावरूनच जातीन.”

तेव्हा कुठं आत बोलावलं.

“बसा वयनी. काय म्हनते धंदा?”

“काया पडला, भाऊ, कोळशावानी.”

गोपालभाऊ हसले. ती हसली नाही.

“डेपो हालवतो म्हनलं होतं तुमी. आता दुसरा ढीग येऊन राह्यला. अन् पेपरात तुमचाच फोटो.”

“हे पाहा, रोजगाराचा विषय हाय...”

“आपल्या सिंदीचे कितीक पोट्टे लागले तिथं? ड्रायवर बाहेरचे, मुनीम बाहेरचा. आपल्याले फक्त भुकटी.”

गोपालभाऊंनी उठून दार लावलं. परत येऊन बसले ते खुर्चीवर नाही, तिच्या समोरच्या सोफ्यावर.

“तुमी घरच्या हा, म्हनून बोलतो. कंपनीनं पार्टीले निधी देला. वरच्या लोकायलेच. कायद्यानं देला, चोरून नाई. पार्टीनं मले तिकीट देलं, खर्चाले देलं. आता मी उठून म्हनू काय, का डेपो बंद करा?”

“त्यायनं तुमाले तसं सांगतलं?”

“कोनी सांगत नाई ना वयनी! तेच तर हाय. आजवर त्यायनं मले एका शब्दानं काई म्हनलं नाई. फक्त त्यायचा मानूस आला का मी आपोआप उभा राह्यतो.” त्यांनी आवाज खाली आणला. “अन् तुमी प्रचाराले ज्या गाडीत फिरल्या, ते कायच्यावर आलती? माह्या वावरातल्या तुरीवर?”

त्या गाडीतून उतरून आपण कुणाकुणाच्या घरात गेलो, कुणाकुणाचा हात हातात घेऊन बोललो, ते सगळं रक्षाला आठवलं.

“मंग तवाच सांगाचं होतं, भाऊ. मी पायी फिरली असती.”

“पायी फिरून होते काय आजकाल निवडनूक?” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, याचाच तिला जास्त वैताग आला. माणूस शरमला असता तर भांडता आलं असतं.

भूपेंद्रनं सुचवलं म्हणून दोघं बबनरावांकडे गेले. हे निवडणुकीत पडलेले उमेदवार. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, मांडीवर थाप मारली. “हा मुद्दा मी जिल्हाभर पेटवतो!”

रक्षाला आता धीर राहिला नव्हता. “तुमच्या पार्टीलेबी देलं काय जी त्यायनं?”

बबनरावांनी बशी खाली ठेवली. “ते सगळ्यायलेच देतात, बाई.” मग बशी पुन्हा उचलत म्हणाले, “पन आमाले यंदा लय कमी देलं.” आणि हे ते चांगल्या तक्रारीच्या सुरात म्हणाले.

परतताना स्कूटरवर भूपेंद्र म्हणाला, “जाऊ दे ना आता. साऱ्या दुनियेचं तुलेच काय पडलं?”

विस्तारावर लोकांचं म्हणणं ऐकण्यासाठी जनसुनावणी होणार, अशी नोटीस लागली आणि त्याच आठवड्यात कंपनीचा मॅनेजर कारखान्यात आला. तरुण, पुण्याकडचा, अतिशय नम्र. बूट त्यानं दाराबाहेर काढले. म्हणाला, कंपनीचं गेस्ट हाऊस आणि कामगारांच्या खोल्या बांधून होताहेत. गाद्या, उशा, सगळं स्थानिक उद्योगाकडूनच घ्यायचं ठरलंय. पुढेही दरवर्षी काम राहील.

“अन् बदल्यात?” रक्षानं विचारलं.

त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. “छे, छे, मॅडम. बदल्यात काही नाही. सुनावणी हा पूर्ण वेगळा विषय आहे.”

तो गेल्यावर भूपेंद्र दुकान सोडून आत आला. एवढं मोठं काम त्यांच्याकडे कधी आलं नव्हतं. “हा धंदा हाय, रक्षा. आपन काई मागाले गेलतो काय? गादी इकनं पाप हाय?”

मनकर्णाबाई शिवता शिवता म्हणाली, “बाई, तुमी ठरवा. पन पावसाळ्यात काम कमी असते. आमाले तर बरंच होईन.”

मनकर्णाबाई खोटं बोलत नव्हती. भूपेंद्रही नाही. दोन-तीन दिवस रक्षानं होही म्हटलं नाही, नाहीही नाही. मनात मात्र हिशेब चालू झाला होता: आणखी एक मशीन, मागच्या खोलीला पत्रे, भागीरथेच्या सुनेला काम.

भागीरथा शेजारीण. फाटकापुढच्या आंदोलनात पहिल्या दिवसापासून होती. सुनावणीत कोणी काय बोलायचं ते ठरवायला ती आली. “मॅनेजरले चांगलं धारेवर धरू,” ती म्हणाली.

“तो पोट्टा तसा वाईट नाई ग,” रक्षा बोलून गेली. “त्याची तरी काय चूक? जरा सबुरीनं घेऊ.”

भागीरथा तिच्याकडे बघत राहिली. “तूच म्हनून राह्यली हे?”

रक्षाच्या कानांत स्वतःचाच आवाज घुमत राहिला. कोणी तिला सबुरीनं घ्यायला सांगितलं नव्हतं. गादीचा एक टाकाही अजून घातला नव्हता, आणि जीभ आपोआप वळली होती. तिला स्वतःचा इतका राग आला की भागीरथा बसलेली असतानाच तिनं मॅनेजरला फोन लावला आणि काम जमणार नाही म्हणून सांगितलं. “दर वाढवून हवा असेल तर...” तो म्हणायला लागला. तिनं फोन ठेवला.

भूपेंद्र त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागला. मनकर्णाबाई नेहमीसारखी वेळेवर कामाला येत राहिली. तेच जास्त लागलं.

सुनावणी एका मंगल कार्यालयात झाली. स्टेजवर अधिकारी, समोर पहिल्या रांगेत गोपालभाऊ आणि कंपनीची माणसं, मागं गाव. लोक बोलले. कापसाचं बोलले, खोकल्याचं बोलले. रक्षाची पाळी आली तेव्हा तिनं माइक हातात घेतला.

“माह्या गाद्या भुकटीनं काय्या होतात हे साऱ्यायनं पाह्यलं. मले दुसरं विचाराचं हाय. ह्या कंपनीनं आमदार साहेबाच्या पार्टीले निधी देला, पडलेल्या उमेदवाराच्या पार्टीलेबी देला. मंग आमची बाजू घ्यासाठी इथं कोन उरलं?”

मागं एकदम कुजबुज उठली. गोपालभाऊ मोबाइलमध्ये बघत होते.

अधिकारी शांतपणे म्हणाले, “ताई, पर्यावरणाबद्दल बोला. निवडणूक निधी हा या सुनावणीचा विषय नाही.”

“मंग कोनत्या सुनावनीचा हाय? तारीख सांगा. मी तिथं येते.”

टाळ्या पडल्या, शिट्ट्याही पडल्या. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “पुढचं नाव घ्या,” ते म्हणाले.

विस्ताराला मंजुरी मिळाली. अटी मात्र घातल्या: ट्रकवर ताडपत्री, ढिगाभोवती उंच हिरवी जाळी, रोज पाणी मारायचं. जाळी लागली. ताडपत्र्याही काही दिवस दिसल्या, मग एका ट्रकवर असायची, पुढच्या दोनांवर नसायची. पाण्याचा टँकर कोणी मोठा साहेब येणार असला की फिरायचा. भुकटी थोडी कमी झाली, हे खरं. दुसरा ढीगही उभा राहिला, हेही खरं.

आणि मग एका बाजाराच्या दिवशी स्टेशन चौकात फ्लेक्स लागला.

रक्षा भाजी घ्यायला गेली होती. लोक तिच्याकडे बघून हसत होते, कोणी अभिनंदन करत होतं. तिनं वर पाहिलं. ‘धूळमुक्त सिंदीच्या दिशेने! आमदार साहेबांच्या अथक प्रयत्नांना यश!’ गोपालभाऊंचा पुरुषभर उंचीचा फोटो. कोपऱ्यात ‘सौजन्य’ म्हणून कंपनीचं नाव. आणि गोपालभाऊंच्या शेजारी, गोल चौकटीत, हात जोडून हसणारी ती स्वतः. प्रचारातला फोटो. खाली लिहिलं होतं: ‘विशेष आभार, सौ. रक्षाताई’.

भाजीची पिशवी तिनं तिथंच पानठेल्यावर ठेवली. कारखान्यात गेली, गादीपाट कापायची मोठी कात्री घेतली आणि परत चौकात आली. पानठेलेवाल्याचं स्टूल मागून घेतलं. भर दुपार होती, बाजार गच्च भरलेला. स्टूल डगमगत होतं. फ्लेक्सचं कापड जाड, कात्री अडत होती.

“वयनी, आमदाराचा फ्लेक्स हाय, लफडं होईन!” कोणीतरी ओरडलं.

“माहा फोटो हाय. मी माहा फोटो घेऊन जाऊन राह्यली. बाकीचे राहू द्या तिथंच.”

गलका ऐकून भूपेंद्र दुकानातून धावत आला. आता हा चारचौघांत बोलणार, म्हणून ती तयारच होती. त्यानं वर पाहिलं, फ्लेक्स वाचला, आणि काही न बोलता दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. “खालून काप,” तो म्हणाला. “तिथं कापड सैल हाय.”

संध्याकाळी फोन आला. पियुषचा नाही, गोपालभाऊंचा स्वतःचा.

“वयनी, हे काय केलं तुमी? काई असन तं मले विचाराचं तरी.”

“तुमी फोटो लावताना मले विचारलं काय?”

“लोक हासून राह्यले ना पन,” ते म्हणाले. आवाज थकलेला होता.

“हासू द्या,” रक्षा म्हणाली आणि फोन ठेवला.

बाहेर वारा सुटला होता. मनकर्णाबाई खिडक्या लावायला उठली. रक्षानं पंखा बंद केला, दाराच्या फटीत गादीपाटाचे तुकडे कोंबले, आणि त्या कोंदट खोलीत दोघी उरलेला कापूस पिंजायला बसल्या.