बाईंनी बटण दाबले होते

मित्रांनो, ऑफिसातल्या ज्या खणात तुटके चार्जर आणि कुणाकुणाचे विसरलेले हेडफोन टाकतात, त्याच खणात मी, एक जुना मोबाइल फोन, पडून आहे. माझ्या काचेला कोपऱ्यातून तडा गेला आहे. बॅटरी फुगल्यामुळे पाठ उचलली गेली आहे. मला आता कोणी चार्जिंगला लावत नाही. तरी माझी हकीकत सांगतो, कारण जे घडले त्याला माझ्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही.

माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेली माझी भावंडे दुकानांत गेली आणि तिथून लोकांच्या खिशांत. मी मात्र अ‍ॅप बनवणाऱ्या एका कंपनीत चाचणीचा फोन म्हणून आलो. दिवसभर माझ्यावर बोटे चालायची. टिचकी मार, दाबून धर, सरकव, दोन बोटांनी फोटो मोठा कर. कोणी चिडून आपटायचे, कोणी वडे खाल्लेल्या हातांनीच धरायचे. प्रोग्रॅमर ताई मात्र काम झाले की ओढणीच्या टोकाने माझी काच पुसून ठेवत. तेवढ्या मायेवर मी खूश होतो.

ताई एक अ‍ॅप लिहीत होत्या, घरी एकट्या असणाऱ्या आजारी माणसांसाठी. पानावर मधोमध एक मोठे लाल बटण, 'मदत'. ते दाबले की घरच्यांचा फोन खणखणतो. हे काम ताईंनी मागून घेतले होते, कारण त्यांची आई दिवसभर घरी एकटी असे. त्या टायपिंगच्या बाई. आयुष्यभर त्यांनी मुलामुलींना टाइपरायटर शिकवला. आता त्यांचा हात थरथरायचा, आणि चहाचा कप अर्धाच भरावा लागायचा.

ताई मला घरी घेऊन गेल्या आणि बाईंना म्हणाल्या, "आई, हे बटण दाबून बघ."

बाईंनी दाबले. काहीच झाले नाही. पुन्हा दाबले, तर पान वर सरकले.

"तुझं हे मशीन माझं ऐकत नाही," बाई म्हणाल्या. "आमच्या टाइपरायटरची कळ दाबली की अक्षर उमटायचं. खरंच दाबलंस का, असं कळ विचारत बसायची नाही."

ताई आधी हसल्या आणि मग विचारात पडल्या.

मित्रांनो, इथे काय होत होते ते समजून घ्या. काचेवर बोट टेकले की मी खालच्या बटणाला लगेच कळवतो, स्पर्श झाला. बटण गडद होते आणि बोट उचलले जाण्याची वाट पाहते. बोट उचलले की बटण दाबले असे धरतात. पण त्याच वेळी त्याच बोटावर माझ्यात आणखी कोणाची तरी नजर असते. बोट नुसते दाबते आहे की सरकते आहे, हे ओळखणे त्याचे काम. प्रोग्रॅमर त्याला जेश्चर ओळखणे म्हणतात. बोट जरा जास्त हलले की तो ठरवून टाकतो, हे पान सरकवणे आहे. मग तो स्पर्श आपल्या ताब्यात घेतो आणि बटणाला निरोप जातो, तुझा स्पर्श रद्द. बटण पुन्हा पहिल्यासारखे होते, जणू कोणी हातच लावला नव्हता. ज्यांची बोटे स्थिर असतात त्यांच्या हे लक्षातही येत नाही. बाईंचे बोट टेकताच थरथरायचे आणि दर वेळी स्पर्श रद्द व्हायचा.

ताईंनी त्यावर तोड काढली. बोट लाल बटणावर टेकले असेल तर ते कितीही हलले तरी त्या जेश्चर ओळखणाऱ्याने मध्ये पडायचे नाही. बाईंनी दाबले आणि स्वयंपाकघरात ताईंचा फोन वाजला. मग बाई उगाचच पुन्हा पुन्हा दाबत राहिल्या.

"आई, पुरे. कान किटले माझे."

"किटू देत. माझं ऐकू येतंय ना कुणाला तरी," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी बाईंच्या गळ्यातल्या कापडी पिशवीत राहू लागलो. आल्यागेल्याला बाई मला काढून दाखवत. "माझ्या लेकीनं केलंय," म्हणत. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस ते एवढेच.

पुढे एका दुपारी अ‍ॅपची नवी आवृत्ती आपोआप माझ्यात उतरली. ताईंनी काढलेली तोड तिच्यात नव्हती. मला ते समजले, पण फोनला स्वतःहून काही सांगता येत नाही. ती का नव्हती, ते मला नंतर कळले. ताईंच्या साहेबांनी ग्राहकांपुढे अ‍ॅप दाखवताना बोट नेमके लाल बटणावर टेकवून पान सरकवायला घेतले. पान जागचे हलले नाही, उलट मदतीची घंटा वाजायला लागली. चारचौघांत साहेबांची फजिती झाली. ताई तेव्हा बाईंना घेऊन डॉक्टरकडे गेल्या होत्या. साहेबांनी दुसऱ्या प्रोग्रॅमरला ती तोड काढून टाकायला लावली, आणि ताईंना सांगायचे राहून गेले.

नवी आवृत्ती आल्यावर थोड्याच दिवसांत बाई पडल्या. वारा सुटला म्हणून खिडकी लावायला उठल्या, पाय अडखळला, आणि पलंग आणि कपाटाच्या मधल्या जागेत कोसळल्या. माझ्या काचेला तडा गेला तो तेव्हाच. बाईंनी मला पिशवीतून काढले आणि बटण दाबले. स्पर्श झाला. बोट थरथरले. स्पर्श रद्द. त्यांनी पुन्हा दाबले, पुन्हा रद्द. लाल बटण त्यांच्या बोटाखालून नुसते वरखाली सरकत राहिले. त्यांनी डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरले, तरी बोट थांबेना.

"अरे, दाबतेय ना मी," त्या मला म्हणाल्या.

मला ते ठाऊक होते. त्यांचा प्रत्येक स्पर्श माझ्यापर्यंत पोचत होता. माझ्याकडून पुढे मात्र एकही गेला नाही. संध्याकाळी ताईंनी दार उघडले तेव्हा बाईंचा आवाज बसला होता. खुब्याचे हाड मोडले होते.

साहेब फुलांचा गुच्छ घेऊन दवाखान्यात आले. स्टुलावर बसून मऊ आवाजात म्हणाले, "आम्ही सगळं तपासलं. बटण एकदाही दाबल्याचं नोंदीत दिसत नाही. घाबरल्यावर माणसाला सुचत नाही, होतं असं."

बाई आपल्या बोटांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "नसेल दाबलं मग. मला वाटलं, मी दाबतेय."

दुसऱ्या दिवशी ताईंनी ऑफिसात प्रोग्रॅम उघडला आणि तोड गायब झालेली पाहिली. मला साहेबांच्या टेबलावर ठेवून त्यांनी आपले बोट मुद्दाम थरथरवत बटण दाबून दाखवले. पान सरकले, घंटा वाजली नाही.

"आईनं दाबलं होतं," त्या म्हणाल्या.

"हळू बोला. ग्राहकांच्या कानावर गेलं तर सगळ्यांचंच नुकसान आहे. पुढच्या आवृत्तीत परत घालू."

"ती दुपारभर जमिनीवर पडून होती, साहेब."

"मला वाईट वाटतंच ना हो. पण मूळ आराखड्यात ती सोय नव्हतीच."

पुढच्या आवृत्तीत ती सोय खरोखरच आली. तिची जाहिरात ऑफिसच्या दारात लागली, 'थरथरत्या हातांसाठी खास'. चित्रातल्या हसऱ्या आजींचा हात अगदी स्थिर होता. साहेबांचा सत्कार झाला. ताईंनी नोकरी सोडली. मी कंपनीचा, म्हणून त्यांना मला परत करावे लागले.

मला परत करायच्या दिवशी सकाळी ताई बाईंच्या पलंगाशी बसून माझी काच पुसत होत्या. तडा गेलेल्या जागी ओढणी अडकत होती.

"आई, तू बटण दाबलं होतंस. मी स्वतः बघितलंय, चूक आमची होती."

"तू माझी समजूत काढतेस," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मी गोळी घेतली का गं?"

"घेतलीस, आई. आत्ताच."

"तू बघितलंस ना? नक्की?"

मित्रांनो, माझी काच बदलून द्या, मला पुन्हा चार्जिंगला लावा, असे मी म्हणत नाही. तुमच्यातले कोणी मोठे होऊन अ‍ॅप लिहील, कोणी साहेब होईल. थरथरत्या हाताचे एखादे माणूस सांगू लागले की मी दाबले होते, तर 'दिसत नाही' म्हणण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसा, आणि त्याचे बोट काचेवर टेकताना बघा.