कडूबा आजाच्या मेंदूची साखर

साखर कारखान्याच्या अंकुशनगरात राहून कुणाला साखर कमी पडावी? कडूबा आजानं तर सारी उमर कारखान्यात साखर शिजवण्यात घालवलेली. पण गेल्या वर्षापासून तो फ्रीजमध्ये चपला ठेवायला लागला, आंघोळ करून आला की पुन्हा आंघोळीला निघायला लागला. अंबडच्या डॉक्टरीणबाईंनी विसरण्याचा आजार सांगितला. साखरेचा आजार मात्र त्याला नव्हता. तो त्याच्या पोराला, बबलूला होता.

बबलूची पोरगी शालू दहावीत. वक्तृत्वात तालुक्यात पहिली आल्यापासून ती पेपरातली बातमीसुद्धा सभेत उभं राहिल्यासारखी वाचायची. एका रविवारी तिनं चहाच्या वेळी सुरुवात केली, "मेंदू साखरेवर चालतो."

एवढं ऐकलं आणि आत्या उषाबाई दूध उतू चाललं म्हणून उठली.

"या आजारात मेंदूला ती साखर नीट वापरता येत नाही. म्हणून मधुमेहाची काही औषधं मेंदूच्या कामी येतात का..."

इथं बबलूचा फोन वाजला, तो बोलत बाहेर गेला. पुढचं "याचं संशोधन चालू आहे, अजून काही पक्कं नाही" हे वाक्य शालूनं भिंतीला ऐकवलं. आवाज छान लागला होता, थांबवावासा वाटेना.

दुसऱ्या दिवसापासून आत्या आजाला दर दोन घंट्याला गुळाचं पाणी पाजायला लागली, आणि बबलू सकाळी आपल्याच पाकिटातली मधुमेहाची गोळी द्यायला लागला. गुळानं साखर वर, गोळीनं खाली. आजा मधल्यामधी बराबर राहिला.

"आज आबानं मला नावानं हाक मारली, गोळीचा गुण हाय," बबलू म्हणाला.

"तुला बबलू म्हणायला गोळी कशाला लागते? गूळ बोलून राह्यला तो," आत्या म्हणाली.

दोघंही खूश होते. शालूही खूश होती, कारण घरात सगळे तिच्या बातमीवर चालत होते.

मंग आली संकष्टी. आत्यानं आजालाही उपास धरायला लावला. चंद्र निघेपर्यंत पाणीसुद्धा नाही, मग गूळ कुठला. बबलूनं मात्र सकाळी गोळी दिलीच. "औषधानं उपास मोडत न्हाई," तो म्हणाला, आणि आत्यालाही ते पटलं. दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

दुपारी शालू शाळेतून आली तर आजा खाटेवर थरथरत होता. काहीतरी अडखळत बोलत होता.

"आजार वाढला," बबलू म्हणाला. "अजून एक गोळी देऊन पाहू."

"कायबी देऊ नको, चंद्र निघायचाय," आत्या म्हणाली.

शालूनं आजाच्या पाठीला हात लावला. सदरा घामानं चिंब, अंग गार. आजार वाढला म्हणून घाम कशाला येईल? बापाच्या हातातली गोळी तिनं काढूनच घेतली.

"पप्पा, साखर उतरलीय आबाची. तुम्हीच उतरवली."

"शालू, उपास हाय त्याचा," आत्या म्हणाली.

"मोडू दे. पाप मला लागू दे."

तिनं आजाला टेकवून बसवलं आणि घट्ट साखरपाणी घोटघोट पाजलं. तो गिळत राहिला. थरथर कमी झाली तसं त्याला गाडीत घालून अंबडला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली, सलाईन लावलं. या गोळीचा असर लवकर जात नाही, रात्रभर इथंच ठेवावं लागेल, म्हणाल्या. मग विचारलं, "गोळी कुणी दिली?"

बबलूला भिंतीवरचं कॅलेंडर एकदम वाचावंसं वाटलं. आत्या पदराचं टोक सारखं करायला लागली.

शालूनं सगळं सांगितलं. गोळी, गूळ, उपास. "आणि बातमी मी वाचली, बाई. अर्धे लोक उठून गेल्ते तरी वाचत राहिले. कुणाला काय कळलं ते विचारलंच न्हाई."

"तुझा बाप लहान हाय का, त्याला कळाय पाहिजे," बाई म्हणाल्या. "अन् संशोधन करणारे आधी माणूस तपासतात. तुम्ही आधी गोळी चारली, मग माणूस आणला."

बबलूनं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून शालूपुढं धरलं. "आबाजवळ आता तूच बस. मला कळत न्हाई यातलं."

"तुमच्या गोळ्या तुम्हाला लागतात, पप्पा. ठेवा," शालू म्हणाली. मग तिनं आत्याचा हात धरून तिला बाईंसमोर, बबलूच्या शेजारी स्टुलावर बसवलं, आणि स्वतः मागं भिंतीला टेकून उभी राहिली.

"बाई, आबाला काय द्यायचं न् काय न्हाई, ते आता या दोघांना तुम्हीच सांगा. मी बोलत न्हाई."