पडद्यावरच्या दोघी

फाल्गुनातली केशरवर्णी संध्याकाळ देवगडच्या कातळावर उतरली होती. मोहोर झडून कोवळ्या कैऱ्या धरल्या होत्या, आणि खाडीवरून येणारा खारट, मंद, उदास वारा घराघरांतून फिरत होता.

टीव्हीसमोर तिघी बसल्या होत्या. मधे आई. एका बाजूला तिची लेक शलाका. दुसऱ्या बाजूला यामिनी, शलाकेसोबत एकाच शाळेत शिकवणारी. जगासाठी मैत्रीण, शलाकेसाठी प्राण.

वर्षभर रोज त्या एक मालिका पाहत होत्या. मालिकेतल्या गार्गी आणि ईरा, एकमेकींच्या डोळ्यांत विरघळणाऱ्या, ओठांवर आलेला शब्द ओठांवरच गोठवणाऱ्या! आईचा जीव जडला होता त्यांच्यावर. "किती माया गो दोघींची!" ती म्हणे, आणि शलाकेच्या मनात एक भाबडी आशा पालवे. गार्गी तो शब्द उच्चारील, तेव्हा मीही उच्चारीन. आईने त्यांना पदराखाली घेतलं, तर आम्हालाही घेईल.

आठवडाभर जाहिरात झळकत होती: 'रविवारी, दोघींच्या प्रेमाची कबुली!' तीत मंद दीपप्रकाश होता, थरथरती बासरी होती.

आज तो रविवार.

गार्गीने ईराचा चेहरा ओंजळीत घेतला. आईच्या पाठीमागून यामिनीची बोटं शलाकेच्या बोटांना भिडली.

"तुला गमावणं मला जमणार नाही, ईरा," गार्गी म्हणाली. "म्हणून... माझी वहिनी होशील?"

सनई घुमली. दारात गार्गीचा भाऊ हसत उभा होता.

आईने डोळे टिपले. "सोनं झालं बाई! आता जन्मभर एका घरात." मग ती शलाकेकडे वळली. "कणकवलीचं स्थळ किती चांगलं आहे. अजून किती दिवस नाही म्हणशील?"

"आई, मला..."

शब्द जिभेच्या टोकाशी आला होता. पण आईच्या त्या ओल्या, तृप्त, निष्पाप डोळ्यांत त्याला टेकायलाही जागा नव्हती.

"तुला काय?"

"काही नाही. चहा ठेवते."

"यामिनी, तू तरी समजाव हिला. तुझं ऐकते ती."

पाठीमागची बोटं सुटली, हळूहळू, एकेक करून.

"हो काकू," यामिनी म्हणाली. "समजावते."

वैशाखात दारी मांडव उभा राहिला. शलाकेच्या वेणीत मोगरा यामिनीनेच माळला. एकेक कळी सावरत. दोघींनी नजर उचलली नाही. आरशात होती हळदओली नववधू, आणि तिच्या खांद्यांमागे, मोगऱ्याने गंधाळलेले, दोन रिकामे हात.